मुकादम सरांच्या दोन टाळ्या

मुकादम सरांनी मला अकरा वर्षांत एकदाही "कशा आहात?" असं विचारलं नाही.

आमची पहिली भेट दोह्याच्या फरीज बिन ओमरान वस्तीतल्या आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात झाली. नवऱ्याचा मेसईदच्या पोलाद कारखान्यातला पहिला दिवस, लिफ्ट बंद, आणि मी दोन्ही हातांत किराण्याच्या पिशव्या घेऊन तिसऱ्या मजल्याकडे निघालेली. तळमजल्यावरचं एक दार उघडलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खाली लुंगी, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, असे एक वाळकुडे गृहस्थ बाहेर आले. माझ्या हातातली जड पिशवी त्यांनी घेतली आणि म्हणाले, "वैनी, अशी नदी सांगा जी समुद्राला मिलत नाय."

मी सातारची. परक्या मुलखात अनोळखी पुरुषानं पिशवी घेतली तर ओरडावं की आभार मानावेत हे अजून ठरत नव्हतं, त्यात ही नदी. "मला नाही माहीत," मी तुटकपणे म्हणाले.

त्यांनी पिशवी पायरीवर ठेवली, मोजून दोन टाळ्या वाजवल्या आणि पिशवी पुन्हा उचलली. "शाबास. बसा. उद्या माहीत असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराखालून एक चिठ्ठी आत आली. वळणदार अक्षरात लिहिलं होतं, "ओकावांगो. आफ्रिका. वाळवंटाच्या तोंडाशी पसरते आणि जिरते." नवऱ्यानं चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली आणि बिल्डिंग बदलायची का, असं विचारलं.

बिल्डिंग बदलली नाही, उलट दोन महिन्यांनी मला त्यांच्याच शाळेत लायब्ररियनची नोकरी लागली. तेव्हा कळलं, की हे गृहस्थ शाळेच्या क्विझ टीमचे कोच आहेत आणि नोकरीच्या कागदावर मात्र फिजिक्सचे लॅब असिस्टंट आहेत. रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातून आले, मॅट्रिकच्या पुढे शिकले नाहीत, आणि आमच्या डबल ग्रॅज्युएट स्टाफला रोज सकाळी हजेरीच्या वेळी एक प्रश्न घालून गप्प करत. लॅब असिस्टंटला "सर" म्हणायचं नसतं, असा स्टाफरूमचा अलिखित नियम होता. मी पहिल्या दिवसापासून म्हणाले. कुणाच्या भुवया वर गेल्या तर मी माझ्या दोन्ही वर करायची. त्यांचंही एक ठरलेलं होतं. शाळेच्या फाटकाच्या आत मी "मॅडम", फाटकाबाहेर पाऊल पडलं की "वैनी".

क्विझचा सराव माझ्या लायब्ररीच्या कोपऱ्यात चाले. शाळेच्या बसेस दोन फेऱ्या करत. पहिली फेरी मुलांना सोडून परत येईपर्यंत दुसऱ्या फेरीची मुलं उन्हाला शिव्या देत बसत. तो सव्वा तास सरांनी हडप केला होता. लॅबमधल्या बॅटऱ्या, वायरी आणि मोडीत निघालेल्या घरांच्या दारावरच्या बेल जोडून त्यांनी चार बझर बनवले होते. एक चिमणीसारखा चिवचिवायचा, एक ट्रिंग वाजायचा, तिसऱ्याला पिकअपचा हॉर्न होता. चौथा दाबला की पहिला वाजायचा. "हे मुद्दाम हाय," असं सर ठासून सांगत. "स्पर्धेत पण अन्याय होतो. सवय पायजे."

त्यांच्या सरावाचे नियम दोनच. पहिला, उत्तर येत असो वा नसो, तीस सेकंद मिळालेत तर तीसच्या तीस वापरायचे. दुसरा, खरोखर येत नसेल तर उभं राहायचं आणि भिंत हादरेल अशा आवाजात म्हणायचं, "माहीत नाय!" मग सगळ्यांनी त्याच्यासाठी दोन टाळ्या वाजवायच्या आणि सर म्हणणार, "बसा. उद्या माहीत असंल." न येणाऱ्या उत्तराला तुक्का मारणारा मात्र आठवडाभर बझर पुसायचा.

टीममध्ये मुलं कुठली कुठली! केरळची, हैदराबादची, बंगालची, गोव्याची. आपसात सगळी इंग्रजी फाडणारी. आमची मराठी पोरंसुद्धा आईनं मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देतात. पण त्या कोपऱ्यात सगळी एकमुखानं "माहीत नाय!" म्हणत. मी एकदा सरांना विचारलं, की हे मराठीतच कशाला?

"मॅडम, इंग्लिशमधे 'आय डोन्ट नो' बोलताना खांदे उडवतात. जसं काय प्रश्नाचीच चूक हाय. 'माहीत नाय' बोलून खांदे उडवून बघा. जमत नाय."

मी घरी येऊन आरशासमोर करून पाहिलं. जमलं, पण फार विचित्र दिसलं, म्हणून सरांना सांगितलं नाही.

त्यांच्या प्रश्नांतून कुणी सुटलं नाही. किराणावाल्या मलबारी काकांना रोज एक देश. शाळेच्या बसच्या पठाण ड्रायव्हरला रोज एक पर्वत. दातांच्या डॉक्टरकडे गेले तर तोंडात यंत्र असताना बोटांनी खुणा करून प्रश्न घातला आणि डॉक्टरला येईना म्हणून खुर्चीत पडल्या पडल्या दोन टाळ्या वाजवल्या. पुढे लायब्ररीत इंटरनेट आलं. तेव्हा ते फोनच्या लाइनवरून कट्ट कट्ट आवाज करत जोडलं जायचं, आणि मुलं म्हणाली, सर, आता सगळी उत्तरं इथे आहेत. सरांनी दहा मिनिटं त्या यंत्राची उलटतपासणी घेतली आणि उठले. "ह्याला कायपण विचारा, कायतरी सांगतं. 'माहीत नाय' बोलायची अक्कल नाय ह्याला. खलास."

आता उंटाची गोष्ट सांगते, कारण तिच्याशिवाय सर कळायचे नाहीत.

आमची टीम आंतरशालेय क्विझमध्ये नेहमी दुसरी नाहीतर तिसरी यायची. एका वर्षी मात्र शेवटच्या प्रश्नाला आम्ही आणि दुसरी शाळा बरोबरीत होतो. प्रश्न आला, "उंट पाणी कुठे साठवतो?" आमची कॅप्टन रीना, केरळची, दोन वेण्यांची, बारीक आवाजाची पोरगी. तिनं बझर दाबला आणि म्हणाली, "पाठीवरच्या मदारीत." क्विझमास्तर ओरडला, "बरोबर!" फुगे सुटले. बारा वर्षांत पहिल्यांदा आमची शाळा पहिली! प्रिन्सिपॉल साहेब खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होते. मी तर शिट्टी वाजवली.

आणि पाहते तो मुकादम सर स्टेजवर. ट्रॉफी रीनाच्या हातात पडली होती ती त्यांनी काढून घेतली आणि टेबलावर परत ठेवली. "मदारीत चरबी असते. पाणी नसते. उत्तर चूक हाय, आमचे मार्क कापा."

क्विझमास्तर म्हणाला, त्याच्या कार्डावर मदारच लिहिलंय. सर म्हणाले, "कार्डाला उंट माहीत नाय." पुढच्या रांगेत प्रमुख पाहुणे म्हणून एक वयस्कर कतरी गृहस्थ बसले होते. त्यांच्याकडे स्वतःचे उंट होते, हे सरांना ठाऊक होतं, कारण त्यांनाही आल्या आल्या प्रश्न घालून झाला होता. सरांनी स्टेजवरूनच त्यांना साक्षीला ओढलं. पाहुणे मनापासून हसले, आपल्या पोटावर हात फिरवला आणि अरबीत "चरबी, चरबी" असं काहीतरी म्हणाले. खलास. ट्रॉफी गेली. आम्ही दुसरे.

रीना बसमध्ये रडत होती. तिनं सरांना एकच वाक्य सुनावलं. "त्याच्या कार्डावर काय असणार ते मी ओळखलं होतं, सर. म्हणून तसं सांगितलं. आणि आपण जिंकलो होतो."

"जिंकलो नव्हतो," सर म्हणाले. "चुकीच्या उत्तराची ट्रॉफी कपाटात ठेवली तर ती रोज चुकीचंच उत्तर देत बसते."

रीना बारावी होऊन जाईपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. प्रिन्सिपॉल साहेबही बरेच दिवस बोलले नाहीत. मी बोलत होते, पण चिडून. बारा वर्षांतली एक ट्रॉफी! एका उंटासाठी!

उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळे गावी पळायचो. जुलै-ऑगस्टमध्ये दोह्यात माणूस राहत नाही, नुसता भाजला जातो. सर कधी गेले नाहीत. विचारलं की म्हणत, "गावाला काय, घर हाय, खाडी हाय, आंबे हायत. पलून जात नायत. हितं नवीन प्रश्न काढायचे हायत." एका वर्षी मी ऑगस्टमध्येच परत आले आणि भर दुपारी लायब्ररीचं कुलूप काढायला गेले तर आतून चिमणी वाजली. काचेतून पाहिलं. सर एकटेच. टेबलाच्या टोकाला उभं राहून मोठ्यानं प्रश्न वाचायचे, मग धावत जाऊन एका बझरमागे बसायचे, बोटांवर तीस मोजायचे, बझर दाबायचे, उत्तर द्यायचे. मग परत उठून टोकाला. एकदा खुर्चीतून उभे राहिले, "माहीत नाय!" म्हणाले आणि स्वतःच दोन टाळ्या वाजवल्या. मी पोट धरून हसले. घरी येऊन नवऱ्यालाही नक्कल करून दाखवली. आज ते आठवलं की मला माझाच राग येतो.

सरांची साठी आली तेव्हा खरी लढाई सुरू झाली. साठीनंतर व्हिसा सहसा पुढे जात नाही, पण शाळेनं जोर लावून लिहिलं तर एखादं वर्ष मिळतं. सरांना ते एक वर्ष हवं होतं. त्यांनी अर्ज केला. उत्तर नाही. दुसरा केला. मग दर रविवारी एक, असे अर्ज सुरू झाले आणि तेही क्विझच्या धर्तीवर. "प्रश्न पहिला. ह्या शाळेत ऑसिलोस्कोप कोण दुरुस्त करू शकतो? अ) प्रिन्सिपॉल ब) उपप्रिन्सिपॉल क) कंत्राटदार ड) मुकादम. वेळ तीस सेकंद." मी म्हटलं, सर, जरा नरम लिहा. तर म्हणाले, "उत्तर येत नसंल तर त्यांनी उभं राहून बोलावं, माहीत नाय. आपण टाल्या वाजवू."

प्रिन्सिपॉल साहेब वाईट नव्हते. त्यांनी त्यांच्या परीनं मार्ग काढला. वर्ष वाढवणं त्यांच्या हातात नव्हतं, असं ते म्हणाले, आणि शाळेच्या कमिटीच्या मनात नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणून स्नेहसंमेलनात क्विझ कोच म्हणून सरांचा भव्य सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, मानपत्र, लाल मखमलीची खुर्ची. जुन्या मुलांनाही निमंत्रणं गेली.

सरांनी लॅबमध्येच जाहीर केलं, "बकरीदच्या आधी बोकडाच्या गल्यात पण हार घालतात. मी येणार नाय."

तीन दिवस त्यांना समजावण्यात गेले. शेवटी ते दोन अटींवर तयार झाले. त्या खुर्चीवर ते बसणार नाहीत. आणि मानपत्रात एकही चूक चालणार नाही, मसुदा आधी ते स्वतः तपासणार.

मसुदा मीच लिहिला होता. लाल पेन घेऊन ते माझ्या टेबलापाशी बसले. "'फिजिक्सचे शिक्षक'. चूक. लॅब असिस्टंट." रेघ. "'टीमला प्रथम क्रमांक मिळवून दिला'. कधी? दुसरा." रेघ. "'सर्वांचे लाडके'. ह्याला पुरावा काय?" मी म्हटलं, अहो, असं लिहितात. "पुरावा नाय." रेघ.

शेवटच्या ओळीवर पेन थांबलं. "'आता ते आपल्या कुटुंबात सुखाने विसावतील'." त्यांनी तीही ओळ खोडली, अगदी त्याच हातानं. "बायको जाऊन एकोणीस वर्सं झाली. मूल नाय. घर पुतण्यांचं हाय. मागची एक खोली देऊ बोलतात."

एवढी वर्षं एका जिन्यात राहून मला हे माहीत नव्हतं. ते मला कशा आहात विचारत नाहीत म्हणून मी सगळीकडे गंमत सांगत फिरले. मी तरी त्यांना कधी विचारलं होतं?

"सर," मी म्हटलं, "कधी बोलला नाहीत."

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "तिला मी पत्रातून प्रश्न घालायचो, मॅडम. कतारात आलो तेव्हापासून. नुसतं 'कशी हायस' लिवलं तर 'बरी हाय' एवढंच यायचं. प्रश्न घातला की पानभर यायचं. कुणाला विचारलं, कुठं शोधलं, कशी चुकली. शालेत दोनच वर्सं गेलेली, पण 'माहीत नाय' लिवायला कधी लाजली नाय." मग म्हणाले, "एकदा मला कामात प्रश्न सुचला नाय. नुसतंच 'कशी हायस' लिवलं. 'बरी हाय' लिवलंन. ते पत्र मला मिललं तेव्हा तिला दफन करून चार दिवस झाले होते."



"तो प्रश्न मी विचारत नाय," ते म्हणाले. "त्याचं खरं उत्तर कोण देत नाय." आणि खोडलेला मसुदा माझ्याकडे सरकवून सराव घ्यायला गेले.

सत्काराच्या दिवशी हॉल भरला होता. सर लॅबचा पांढरा कोट घालून आले. बाकी सगळे सुटाबुटात. शाल घेतली, नारळ घेतला, मानपत्राची चौकट दोन्ही हातांत धरून त्यातलं व्याकरण तपासलं. मखमली खुर्चीच्या शेजारी मात्र ताठ उभे. प्रिन्सिपॉल साहेबांनी दोनदा "प्लीज" म्हटलं, एकदा खांद्यावर हात ठेवून पाहिला. सर बसले नाहीत. तासभर भाषणं झाली, तासभर उभे. पुढच्या रांगेतली कमिटीची मंडळी अवघडून मोबाईल पाहायला लागली. मी मनातल्या मनात म्हणत होते, उभे राहा सर, बसू नका.

शेवटी प्रिन्सिपॉल साहेबांनी वातावरण हलकं करायला माईक हातात घेतला आणि हसत इंग्रजीत विचारलं, "तर मुकादम, आयुष्यभर तुम्ही सगळ्यांना प्रश्न विचारलेत. आज एक माझा. आता यापुढे काय?" आणि माईक त्यांच्यासमोर धरला.

असल्या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं. आराम करीन, नमाज पढेन, आंब्याची झाडं लावीन. हॉल ते ऐकून टाळ्या वाजवायला तयार बसला होता.

पण प्रश्न क्विझसारखा माईकवरून आला होता. सरांनी नारळ मखमली खुर्चीवर ठेवला, हात मोकळा केला आणि बोटांच्या पेरांवर मोजायला लागले. पाच सेकंद. दहा. लोक आधी हसले, मग कुजबुजले, मग गप्प झाले. प्रिन्सिपॉल साहेबांनी माईक दुसऱ्या हातात घेतला. तीसच्या तीस सेकंद वापरून झाल्यावर सरांनी मान वर केली आणि भिंत हादरेल अशा आवाजात म्हणाले,

"माहीत नाय!"

कुणालाच काही कळेना. प्रिन्सिपॉल साहेब माझ्याकडे पाहू लागले. माझे हात मांडीवरच होते.

मग मागून दोन टाळ्या आल्या. मोजून दोन. पाठोपाठ हॉलच्या त्या टोकाकडून दोन, या टोकाकडून दोन, आणि मग एकदम तीस-चाळीस जणांच्या, सगळ्यांच्या मिळून दोनच. मी वळून पाहिलं. मागच्या रांगांतून एकेक माणूस उभं राहत होतं. कुणी कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून आलेला, कुणी कडेवर मूल घेऊन आलेली. त्यांच्यात रीना होती. वेण्या गेल्या होत्या, केस बारीक कापलेले. दोह्यातच कुठल्याशा गॅस कंपनीत ती इंजिनिअर झाली होती, हे मला नंतर कळलं. ती वाटेवर येऊन उभी राहिली, आणि ज्या माणसाशी ती उंटावरून बोलायची थांबली होती, त्याला तिनं त्या हॉलमध्ये, त्या बारीक आवाजात, मल्याळी हेल काढून सांगितलं,

"बसा, सर. उद्या माहीत असंल."

सरांनी चष्मा काढला. कोटाच्या टोकानं पुसला, परत घातला, पुन्हा काढला. मग खुर्चीवरचा नारळ उचलून हातात घेतला, आणि बसले.